भाचेबुवांची स्टेज टू

जर्मन अभियंत्यांनी पोलो गाडीत एक घोडचूक करून ठेवली होती. ती आवाज न करता चालायची. चाकणच्या कारखान्यातून वर्षानुवर्षं गाड्या बाहेर पडल्या, २०२२मध्ये इथलं उत्पादनही बंद झालं, तरी त्या मंडळींना आपली चूक उमगली नाही. शेवटी आमच्या भाचेबुवांना लक्ष घालावं लागलं. भाचेबुवा कॉमर्सचे आहेत, पण त्यामुळे काही अडलं नाही.

"मामा, स्टेज वन झाली, आता स्टेज टू," असं त्यांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, दुखणं बळावलं. निदान अगदीच चुकीचं नव्हतं. स्टेज वन म्हणजे गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, लॅपटॉपला जोडायचा आणि त्यातलं इंधनाचं, टर्बोच्या दाबाचं गणित बदलायचं. याला रीमॅप म्हणतात. स्टेज टूमध्ये मोठा डाउनपाइप, मोकळा एअर फिल्टर, फ्री-फ्लो एक्झॉस्ट. इथवर मान्य, यानं गाडीचा जोर खरोखर वाढतो. पण पुढचा मसाला निराळा आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की शहाणी गाडी इंधन तोडते. भाचेबुवांच्या गाडीला ते तोडू नकोस असं शिकवलेलं आहे. ठिणगीही मुद्दाम उशिरा पडते, मग अर्धवट जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन फुटतं. फाट्, फाट्, फटाक! धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या माऱ्यात आधी मरतो. कित्येक गाड्यांत तो मरायच्या आधीच काढून टाकतात, म्हणजे त्याचे हाल होत नाहीत.

"म्हणजे गाडी हळू होत असताना जास्तीचं पेट्रोल जाळायचे तू पैसे दिलेस?"

"मामा, तुम्हाला फील कळत नाही."

खरं आहे. फील तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना कळतो, रात्री पावणेबाराला.

शर्यतीची गाडी बांधणारे लोक मूळचे कंजूष. ते गाडीतून मागची सीट काढतात, गालिचा काढतात, एसी काढतात, दाराचं अस्तरसुद्धा काढतात. त्या जागी पोलादी रोल केज, सहा पट्ट्यांचा बेल्ट आणि आग विझवायचं नळकांडं येतं. भाचेबुवांनी आत सबवूफर घातला. बाहेर अठरा इंची अलॉय चढवले, ते मूळ चाकांपेक्षा जड. मागे विमानाच्या शेपटीएवढा स्पॉयलर बसवला. या गाडीची पुढची चाकं ओढतात आणि पंख दाबतो मागच्या चाकांना, तोही भरपूर वेग असला तर. सकाळी नऊला कर्वे रस्त्यावर तो मुख्यतः कबुतरं दाबतात.

शिवाय गाडी खाली बसवली आहे. लोअरिंग स्प्रिंग. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आमच्या गल्लीतला नगरसेवकांच्या मापानं आहे. तिथं आलं की आतले चार मित्र उतरतात, भाचेबुवा गाडी तिरकी घालतात आणि मित्र खाली वाकून "चल, चल, बस, बस" करतात. ० ते १००ला लागणारे सेकंद भाचेबुवांना तोंडपाठ आहेत. स्पीडब्रेकरची वेळ कुणी लावत नाही, कारण मिनिटाला रेकॉर्ड म्हणत नाहीत.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकानं ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकानं करू नये. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षा आली: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागे! भाचेबुवांनी बोटं मोजली, हाताची संपली. "घाऊकमध्ये काही कमी होतं का?" एवढंच त्यांनी विचारलं.

आपले पोलीस मात्र कल्पक. जप्त केलेले फटाका सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि कॅमेऱ्यांसमोर त्यांच्यावरून रोड रोलर फिरवतात. हा सोहळा पुण्याने पाहिला, नागपूरने पाहिला. शहरात रोलर आहे ही बातमी खड्ड्यांच्या बाजूला राहणाऱ्या नागरिकांना अशा दिवशीच कळते.

बरं, हौस भागवायला जागा नाही म्हणावं तर तसंही नाही. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होते, सरळ पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. भाचेबुवा गाडी तिथे न्यायला तयार नाहीत. तिथे हेल्मेट लागतं, गाडी तपासतात, आणि मुख्य म्हणजे वेळ मोजतात.

मोठा ट्रॅक हवा तर उत्तर प्रदेशात बुद्ध सर्किट आहे. तिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. तिथल्या सरकारनं तिला खेळ न मानता करमणूक मानलं आणि करमणूक कर लावला. वाद कोर्टात गेले, २०१४पासून ती शर्यत आलेली नाही. तिसऱ्या वर्षी जिंकल्यावर व्हेटेलनं ट्रॅकवरच गोल गोल गाडी फिरवून धूर काढला, तर त्याला समज मिळाली आणि त्याच्या संघाला २५,००० युरो दंड झाला. भाचेबुवा तेच आमच्या सोसायटीच्या मोकळ्या प्लॉटवर करतात. तिथे वॉचमन टाळ्या वाजवतो.

याच ट्रॅकवर २०१४पासून टाटांनी प्राइमा ट्रकच्या शर्यती घेतल्या. आधी परदेशी चालक होते, २०१६मध्ये आपले ट्रकचालकही शिकून उतरले. मला या प्रकाराविषयी खरोखर आदर आहे. युरोपातल्या ट्रक शर्यतीत १,००० अश्वशक्तीचं धूड ताशी १६० किलोमीटरच्या पुढे न्यायचं नाही असा नियम आहे. ब्रेक जळू नयेत म्हणून त्यांच्यावर पाणी मारतात. आणि ट्रकनं डोळ्यांना दिसेल असा धूर सोडला, तर चालकाला शिक्षा! वेगाला मर्यादा, धुराला बंदी, वर तपासणी. असली शर्यत आमच्या आळीत कोण बघायला जाईल? आमच्याकडे डिझेल गाडीचा रीमॅप करतात तो सिग्नल सुटताच मागच्या दुचाकीवाल्याचं तोंड काळं व्हावं म्हणून.

गेल्या आठवड्यात भाचेबुवांचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांना डिकी असलेली गाडी हवी आहे. आजीच्या माळ्यावरून गोणपाटात बांधलेला मूळ सायलेन्सर उतरला, मूळ चाकं उतरली, कन्व्हर्टर मिळाला, ईसीयूत जुनं गणित परत भरलं. पोलो विकायच्या जाहिरातीचा मजकूर मला दाखवायला आणला होता: "सिंगल ओनर, फुल कंपनी फिटेड, कधीही रफ चालवलेली नाही, लेडीज यूज."

"लेडीज कोण रे?"

"मामा, आईला एकदा देवळात सोडलं होतं."