तारेवरचं वास्तव

हाणामारीच्या चित्रपटात बाईला नायिका केलं, की निर्मात्यांना दर वेळी 'धाडसी प्रयोग' केल्याचा साक्षात्कार होतो. हाँगकाँगच्या किंग हू यांनी १९६६ सालीच 'कम ड्रिंक विथ मी' काढला. त्यात पुरुषवेशातल्या चेंग पेई-पेईने खानावळीत गुंडांची खोड मोडली. १९९२च्या 'सुपरकॉप'मध्ये मिशेल योने धावत्या आगगाडीवर मोटारसायकल उडवली, तीही त्याच चित्रपटासाठी चालवायला शिकून! आक्षेप असा, की एवढीशी बाई दहा दांडगटांना लोळवते हे पटत नाही. तारेला लटकलेला नायक छपरांवरून तरंगतो, ते मात्र बिनबोभाट पटतं. उलट बॅले शिकलेल्या चेंगच्या तोलामागे निदान खरी तालीम होती. राहिला गल्ल्याचा मुद्दा: 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' आधी जॅकी चॅनला डोळ्यांपुढे ठेवून लिहिला, योकडे आला आणि गल्ला भरून ऑस्करही घेऊन गेला.