नाव मोठं, नंबर नाही

चिखलीत मशिनरीवाले शेठ ओळखायचे तर त्यांचा मोबाइल बघावा. बाकीची माणसं तो कानाला लावतात. शेठ तोंडासमोर आडवा धरतात, वडापाव धरावा तसा, आणि स्पीकर चालू ठेवतात. पलीकडचा काय बोलतो ते आसपासच्या चौघांना ऐकू गेलं पाहिजे, एवढीच सोय. "शेठ, उद्या सकाळी मशीन पाठवता का?" असा आवाज आला की शेठ लगेच उत्तर देत नाहीत. चौघांनी ऐकलं ना, याची खात्री करून घेतात. मग सावकाश म्हणतात, "बघू. मशीन लई बिझी आहे." मशीन मागेच लिंबाखाली उभं असतं आणि त्याच्या बकेटमध्ये कुत्रं झोपलेलं असतं.

हे शेठ म्हणजे एक माणूस नव्हे. कुदळवाडीपासून जाधववाडीपर्यंत, नाहीतर मोशीकडे, तळवड्याकडे कुठेही वळा, आळीला एक सापडेल. मी इथे चार-पाच जणांचा मिळून एक केला आहे, म्हणजे उद्या कुणी दारात येऊन "आमच्यावर लिहिलं का?" असं विचारलं तर "छे, पलीकडच्यांवर" असं सांगता येईल. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला टँकर त्यांचाच लागतो, तेव्हा एवढी काळजी घेतलेली बरी.

शेठच्या घरी पिढीजात शेती. १९९७ साली चिखली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली आणि एकरांचे गुंठे झाले. वावरात आधी भंगाराची गोदामं उगवली, मग सोसायट्या. आलेल्या पैशातून बंगला झाला, दोन लग्नं झाली आणि उरलेल्यात मशिनरी आली. आता गंमत अशी की घरची शेती बंगल्यामागे मेथीच्या दोन वाफ्यांपुरती उरली आहे, आणि ती करायला दारात दोन ट्रॅक्टर, पलटी नांगर, रोटर, मळणी यंत्र, एक जेसीबी, एक डंपर आणि दोन टँकर उभे आहेत. म्हणून मग शेठची यंत्रं इंद्रायणी ओलांडून मोई, निघोजे, कुरुळीच्या बाजूला दुसऱ्यांच्या वावरात जातात. नांगरट, रोटर, सऱ्या, मळणी. एकरी दर ठरलेला. जेसीबीचा मात्र तासावर.

तर या यंत्रांवर काय काय लिहिलेलं आहे, ते एकदा सवडीने वाचण्यासारखं आहे. पुढच्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर आणि जेसीबीवरही आईची कृपा. मडगार्डवर डाव्या बाजूला थोरला मुलगा, उजव्या बाजूला धाकटा. दोघांच्या नावापुढे 'युवा उद्योजक', त्यातला धाकटा दहावीत आहे. ट्रॉलीच्या फळीवर पुतणे ओळीने, वयाप्रमाणे. जेसीबीच्या मागच्या काचेवर नेत्यांचा फोटो, आणि निवडणूक झाली की काच न बदलता फोटो बदलतो. बूमवर 'नाद करायचा नाय'. कुणी कसला नाद करू नये, हे अध्याहृत. डंपरच्या मागे पूर्वी 'हॉर्न ओके प्लीज' होतं. परिवहन खात्याने २०१५ साली व्यावसायिक वाहनांवर ते लिहायला बंदी घातली, तेव्हा ते खरवडलं आणि चांगली ऐसपैस जागा मोकळी झाली. पेंटरने भाबडेपणाने विचारलं, "शेठ, इथं मोबाइल नंबर टाकू का?" शेठनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो शिडीवरून आपोआप उतरला. तिथे आता शेठच्या शर्यतीच्या बैलाचं नाव आहे.

म्हणजे मजकूर भरपूर आहे, पण यंत्र काय करतं, किती घेतं आणि ते हवं असेल तर कुणाला फोन करायचा, याबद्दल एक अक्षर नाही.

मी एकदा विचारलंच. शेठ आम्हा सोसायटीवाल्यांना सरसकट 'सर' म्हणतात. त्यात आदर किती आणि कीव किती, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणाले, "सर, नंबर कोण लिहितो? ज्याला काम नाही तो. लिहिला की लोक म्हणणार, शेठ खाली आले."

हे समजायला बैलगाडा शर्यतीचा घाट पाहिलेला असावा लागतो. घाटात गाडा सुटायच्या आधी माइकवरून मालकाचं नाव पुकारतात. गावासकट, बापासकट, 'सुप्रसिद्ध बैलगाडा मालक' या पदवीसकट. तिथे कुणी मालकाचा फोन नंबर सांगत नाही. नाव एकदा घाटात घुमलं की पुढच्या जत्रेपर्यंत पुरतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शर्यती बंद केल्या, त्या डिसेंबर २०२१पर्यंत महाराष्ट्रात बंदच होत्या. माझा अंदाज असा की या सात वर्षांत घाटात पुकारायची सगळी नावं जाऊन मशिनरीवर बसली. नाहीतर ट्रॅक्टरवर घाटातलं 'फळीफोड' लिहिण्याचं दुसरं कारण काय? ट्रॅक्टर कुठली फळी फोडणार? शर्यती परत सुरू झाल्या आणि मे २०२२मध्ये इथेच, जाधववाडीच्या रामायण मैदानावर, मोठी शर्यत भरली. बक्षिसांत चक्क जेसीबी होता. बैल आणि यंत्र ही एकाच खात्याची दोन पानं आहेत, असं मी म्हटलं तर शहरातली माणसं हसतात. चिखलीत कुणी हसत नाही.

मात्र शेठना नुसते नादिष्ट समजू नये. नंबर न लिहिण्यामागे पक्का हिशेब आहे, आणि तो उधारीचा आहे. नांगरटीचे पैसे वावरातून निघताना मिळत नाहीत. चाकणच्या बाजारात कांदा जाणार, त्याची पट्टी येणार, मग शेतकरी देणार. भाव पडला तर पुढच्या कांद्याला. डिझेल मात्र पंपावर रोख. अशा धंद्यात गिऱ्हाईक ओळखीचंच पाहिजे, ज्याच्या लग्नाला आपण गेलोय आणि जो आपल्या दशक्रियेला येणार आहे. "नंबर वाचून जो फोन करतो," शेठ म्हणतात, "तो नंबर वाचून ब्लॉकबी करतो."

हे वाक्य ऐकल्यापासून जाहिरातशास्त्रावरचा माझा विश्वास थोडा ढळला आहे.

टँकरचं शास्त्र मात्र वेगळं. नोव्हेंबर २०१९पासून शहरात पाणी एक दिवसाआड येतं आणि उन्हाळ्यात चिखली-मोशीच्या सोसायट्या टँकरवर जगतात. इथलं गिऱ्हाईक अनोळखी, घाबरलेलं आणि फोनवरून तिथल्या तिथे पैसे पाठवणारं. त्यामुळे शेठच्या दोन्ही टँकरवर हातभर उंचीचे आकडे आहेत, तिन्ही बाजूंनी. पण तो नंबर शेठचा नाही, वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा आहे. टँकरला फोन केला की आधी कुकरची शिट्टी ऐकू येते, मग वहिनींचा आवाज: "किती हजार लिटर? कुठली सोसायटी? मागचे दिले का?" घरातला सगळ्यात जास्त चालणारा धंदा वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून सांभाळतात, आणि त्यांचं नाव मात्र एकाही मशीनवर नाही. हे मी शेठना सुचवून पाहिलं. त्यांनी विषय डिझेलकडे वळवला.

नाव लिहिण्याचे तोटेही त्यांना चांगले कळतात. जेसीबीच्या धंद्यात जमिनीवर काय आहे त्यापेक्षा जमिनीखाली काय आहे, हा खरा प्रश्न. खोदता खोदता पाण्याची लाइन फुटते, महावितरणची केबल तुटते, कधी गॅसच्या पाइपला दात लागतो. अशा वेळी बघ्यांतला एक तरी जण मोबाइल काढून मशीनचा फोटो घेतोच. फोटोत काय येतं? आईची कृपा, नेत्यांचं हसू आणि 'नाद करायचा नाय'. "आता कुणाच्या आईवर तक्रार करतात बघू," असं शेठ मिशीत हसून म्हणतात. फोटोत आरटीओचा नंबरही येतो, हे ते सोयीने विसरतात.

त्या नंबराचंही दुःख आहे. एमएच-१४मध्ये खास पैसे भरून त्यांनी आपल्या गाडीला ४१४१ घेतला होता आणि पेंटरकडून त्याचं सफाईदार 'दादा' करून घेतलं होतं. मग १ एप्रिल २०१९पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना नव्या सुरक्षा पाट्या आल्या. एका साच्यातले, इंग्रजी आकडे. दादा गेले, फोर वन फोर वन उरले. शेठ चार दिवस त्या गाडीत बसले नाहीत.

२०२५ सालाने तर त्यांना अगदी पेचात टाकलं. फेब्रुवारीत कुदळवाडीच्या भंगार गोदामांवर महापालिकेची मोठी कारवाई झाली. पुढे मे महिन्यात हरित लवादाच्या आदेशावरून इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले. दोन्ही वेळा पिवळी यंत्रं ओळीने चालली आणि सगळ्या महाराष्ट्राने ती टीव्हीवर पाहिली. आमच्या शेठचं मशीन त्यात नव्हतं. तरीही त्यांनी मेमधल्या त्या आठवड्यात लिंबाखालच्या जेसीबीवर ताडपत्री घातली. मी विचारलं, "पाऊस कुठंय?" तर म्हणाले, "सर, टीव्हीत सगळी मशीनं सारखीच दिसतात. गोदामवाले माझे भाडेकरू, बंगल्यातले माझे गिऱ्हाईक, आणि महापालिकेची बिलंबी आपल्यालाच काढायची असतात. त्यापेक्षा आई झाकलेली बरी." मला वाटतं, स्वतःच्या यंत्रावर नाव लिहावं की नाही, या प्रश्नाचा एवढा सखोल विचार कुठल्याही व्यवस्थापनाच्या वर्गात झाला नसेल.

तसा वर्ग थोरल्याने केला आहे. आकुर्डीच्या एका कॉलेजातून तो एमबीए होऊन आला आणि पहिल्या दिवसापासून 'ब्रँडिंग' हा शब्द जेवणाच्या ताटावर ठेवू लागला. त्याला सगळ्या मशिनरीला एकच रंग, एकच चिन्ह, खाली कामांची यादी, दर आणि फोन हवा होता. कारणही होतं. लातूरकडून आलेला एक जण घरकुल वसाहतीच्या बाजूला राहतो, त्याच्याकडे हप्त्यावरचा एकच ट्रॅक्टर. पण त्या ट्रॅक्टरवर पुढे, मागे, छपरावर, जमेल तिथे नंबर. 'रोटर, नांगरट, मुरूम, विटा, सामान शिफ्टिंग.' त्याचा ट्रॅक्टर उभा असा कधी दिसतच नाही. थोरल्याने हे उदाहरण बापापुढे ठेवलं. शेठ म्हणाले, "त्याला इथं कोण ओळखतं? त्याला नंबर पायजेच. आपल्याला गाव ओळखतं." थोरला म्हणाला, "पप्पा, गाव आता राहिलंय किती? आपल्या आळीत गाववाले कमी आणि भाडेकरू जास्त." त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. वहिनींनी भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी मुलगा नव्या तयारीने आला. "पप्पा, जेसीबी हे काय आहे माहितीये? माणसाचं नाव आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड. १९४५ला इंग्लंडात एका गॅरेजमध्ये सुरुवात केली, स्वतःच्या नावाची अक्षरं मशीनवर लिहिली. आज तळेगावला कारखाना आहे, आणि दुसऱ्या कंपनीचं मशीन आलं तरी लोक त्याला जेसीबीच म्हणतात. ह्याला म्हणतात जाहिरात!"

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. हे त्यांना मनापासून पटलेलं दिसलं. ते उठले, लिंबाखाली गेले, मशीनला एक चक्कर मारली, पिवळ्या पत्र्यावरची ती तीन काळी अक्षरं पहिल्यांदाच पाहावीत तशी पाहिली आणि परत येऊन म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण त्यानं तरी नंबर टाकलाय का?"

एमबीएत याचं उत्तर शिकवत नसावेत.

शेवटी दसऱ्याच्या तोंडावर, पूजेआधी धुणं-पुसणं चालू असताना, तडजोड झाली. नंबर टाकायचा नाही, पण जेसीबीच्या दारावर एक चौकोनी क्यूआर कोड चिकटवायचा. शेठना तो आवडला, कारण त्यात वाचण्यासारखं काहीच नव्हतं आणि तरी काहीतरी भारी वाटत होतं. थोरल्याने त्यावर कामाची माहिती, दर आणि फोन जोडायचं ठरवलं होतं. पण माहिती भरायचं काम त्याने धाकट्याकडे दिलं, आणि धाकट्याला त्यात काय घालावंसं वाटलं ते दहावीतल्या मुलाला वाटेल तेच. आता कोड स्कॅन केला की त्यांचा बैल घाटात सुटताना दिसतो. मागे हलगी वाजते, माइकवर शेठचं नाव बापासकट पुकारलं जातं, आणि खाली लाल अक्षरांत 'संपर्क' येतं. तिथे वहिनींचा नंबर आहे.

महिनाभरात त्यावरून तीन जत्रांची निमंत्रणं आली, एक स्थळ आलं आणि दोन टँकर गेले. नांगरटीसाठी एकही फोन नाही. थोरला तोंड पाडून बसला होता. शेठ मात्र मोबाइल तोंडासमोर आडवा धरून तिसऱ्या जत्रेच्या कमिटीशी बोलत होते, स्पीकरवर.

"येतो, येतो," ते म्हणाले. "पण पत्रिकेत नाव जरा मोठं टाका."