शिळ्या पावाचा सरंजाम

दारिद्र्य ज्याच्या पदरी जन्मतः पडते त्याला ते फुकट मिळते, आणि ज्याला ते हौसेने चाखावयाचे असते त्याला त्याची किंमत मोजावी लागते, हा सिद्धान्त अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात आमच्या पाहण्यात नाही. परंतु मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांत जी इटालियन भोजनगृहे मोठ्या इतमामाने थाटण्यात आली आहेत, त्यांचा सारा कारभार याच एका सिद्धान्तावर बिनतक्रार चालू आहे.

आमच्या एका सेवानिवृत्त स्नेह्यांच्या चिरंजीवांना बढती मिळाली, आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ त्यांनी आपल्या आईवडिलांना, व आईवडिलांच्या आग्रहाखातर आम्हांलाही, अशाच एका भोजनगृहात नेले. आम्ही आसनस्थ होतो न होतो तोच कप्तान या हुद्द्यावर तैनात असलेल्या तरुणाने पहिला सवाल टाकला, तो पाण्याचा : साधे, की बुडबुड्यांचे? दोन्ही प्रकार बाटलीत बसून इटलीहून आलेले. मुंबईकराला पाणी विकत घेण्याची दीक्षा मुळात इटालियनांनीच दिली हे येथे नमूद केले पाहिजे; बिस्लेरी हे इटालियन नाव धारण केलेली कंपनी १९६५ साली या शहरात पाणी विकू लागली, १९६९ साली ती पार्लेच्या चौहानांकडे गेली, आणि तानसा-वैतरणेचे पाणी नळाला येत असताना बाटलीला पैसे कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर पुढे आपण सर्वांनी मिळून दिले. आमच्या स्नेह्यांनी ‘नळाचं चालेल’ असे सांगताच कप्तानाच्या मुद्रेवर जी करुणा उमटली, ती पाहून चिरंजीवांनी घाईघाईने बुडबुड्यांची बाटली मागवली.

मेनूकार्ड या नावाखाली जो दस्तऐवज हाती देण्यात आला, त्यात पदार्थांपुढे निव्वळ आकडे होते, रुपयाचे चिन्ह कोठेही नव्हते. पाहुण्याला पैशाचे स्मरण होऊ नये एवढाच त्यातला सद्हेतू असावा. पण चार आकडी संख्या दृष्टीस पडली की चिन्ह मराठी माणूस पदरचे घालतो.

या दस्तऐवजातील एक मानाचे कलम म्हणजे पोलेंटा, अर्थात मक्याचे पीठ पाण्यात शिजवून घोटलेला लगदा. उत्तर इटलीतील व्हेनेतो आणि लोम्बार्दी या प्रांतांतील गोरगरीब कुळांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हा लगदा रुची म्हणून खाल्ला नाही. गहू जमीनदाराच्या कोठारात जाई आणि मका तेवढा कुळाच्या चुलीपर्यंत पोहोचे, म्हणून खाल्ला, आणि तिन्ही त्रिकाळ तोच खाल्ल्यामुळे कातडी खरबरीत करीत अखेर बुद्धिभ्रंशापर्यंत नेणारा पेलाग्रा नावाचा रोग त्यांच्या मागे लागला. मिलानच्या फ्रापोली नामक वैद्याने १७७१ मध्ये रोगाचे हे नाव ग्रंथनिविष्ट केले. मेक्सिकोतल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घेत. युरोपने मका उचलला आणि चुना तेथेच ठेवला, त्याचे हे फळ. (आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांतही हाच रोग हैदराबादच्या संशोधकांना १९६० च्या सुमारास आढळला होता, आणि ज्वारी पंचतारांकित ताटात कधीच रुजू झाली आहे, तेव्हा इतिहासाचा हा अध्याय इटलीपुरता आहे असे कोणी समजू नये.) तोच पोलेंटा आता परातीएवढ्या बशीच्या मध्यभागी पळीभर वाढला जातो, वर अळंबीचे दोन काप ठेवले जातात आणि ट्रफलच्या तेलाचे थेंब टाकले जातात, या तेलात बहुधा ट्रफल नसतो, प्रयोगशाळेत सिद्ध केलेला त्याचा सुगंध असतो, पण पोलेंट्यात जशी आता उपासमार उरलेली नाही तसा तेलात ट्रफल उरला नाही म्हणून बिघडले काय?

खरी कमाल रिबोलिताची. तोस्कानातला शेतकरी आदल्या दिवशीचे घेवड्याचे आणि काळ्या कोबीचे उरलेले सूप शिळ्या पावासह दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून खात असे, म्हणजे आपल्या घरी उरलेल्या पोळ्यांना फोडणी पडते त्यातलाच तो प्रकार. आणि मौज अशी की या पदार्थाचा आत्मा जो शिळा पाव, तोच नेमका पंचतारांकित मुदपाकखान्यात दुर्मिळ असतो, कारण तेथे शिळे काही ठेवण्याची मुभा नाही. मग पाव शिळा होतो कसा, अशी पृच्छा आमच्या स्नेह्यांनी केली, तेव्हा कप्तानाने अभिमानाने खुलासा केला, की पाव रोज पहाटे येथेच ताजा भाजला जातो आणि मग मंद आचेवर काही तास सुकवून खास शिळा करण्यात येतो. आमचे स्नेही पाटबंधारे खात्यात होते, आणि आधी खड्डा खणून मग तोच बुजवण्याच्या कामाची अंदाजपत्रके त्यांनी हयातभर मंजूर केली होती. त्यांनी हा खुलासा मान डोलावून तत्काळ दप्तरदाखल करून घेतला.

रिसोत्तोच्या तांदळाबद्दल आम्ही बोललो नाही. व्हेर्चेल्लीच्या भातखाचरांत गुडघाभर पाण्यात वाकून निंदणी करणाऱ्या मोन्दिने नावाच्या मजूर स्त्रियांवर इटलीत १९४९ साली एक गाजलेला चित्रपट निघाला होता, एवढे स्मरले. पण ढवळून ढवळून मऊ केलेला भात आतून कच्चा राखण्यात जी कला आहे तिच्यावर चिरंजीवांचे विवेचन चालू होते, आणि यजमानाच्या विवेचनात खंड पाडणे शिष्टसंमत नव्हते.

घोटाळा झाला तो चीजपाशी. वहिनी, म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या सौभाग्यवती, निष्ठावंत शाकाहारी. अळंबीच्या रिसोत्तोपुढे शाकाहाराचा हिरवा ठिपका होता, आणि त्याच ओळीत ‘२४ महिने मुरलेले पार्मिजानो रेज्जानो’ अशी भूषणेही होती. वहिनींनी कोठेसे वाचले होते, आणि ते यथार्थ होते, की पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि आसपासच्या नेमक्या टापूतच बनणारे, किमान १२ महिने मुरवलेले हे चीज वासराच्या जठरातील रेनेटनेच विरजावे असा तेथला कायदा आहे. दुसरे काही वापरले तर त्या नावाची सनद मिळत नाही. अर्थात पदार्थ शाकाहारी असेल तर चीज ते नव्हे, आणि चीज ते असेल तर ठिपका खोटा. वहिनींनी ही फिर्याद शांतपणे कप्तानापुढे मांडली. तो आत हुजुरांकडे गेला, बराच वेळ लागला, आणि परत येऊन त्याने शेफसाहेबांचा निवाडा ऐकवला : मॅडमनी निश्चिंत असावे, चीज संपूर्ण शाकाहारी असून ते भारतातच बनते.

“मग हे चोवीस महिने कुठं मुरलं?” वहिनींनी विचारले.

कप्तानाने आजूबाजूस पाहिले, किंचित वाकला आणि इतका वेळ लपवून ठेवलेल्या मराठीत पुटपुटला, “काकू, तुम्ही आपला टोमॅटोचा पास्ता घ्या. चीज वेगळ्या वाटीत देतो, ते घालूच नका.”

संपूर्ण भोजनात विश्वासाला पात्र असे विधान आम्ही ऐकले ते हे एकच. वहिनींनी पास्ता घेतला; वाटी आली, ती चिरंजीवांनी संपवली.

बिलात सेवाशुल्क आगाऊच चढवलेले होते. रोम ज्या लात्सियो प्रांतात आहे तेथे टेबलाशी बसण्याबद्दल घेतली जाणारी पट्टी २००६ साली कायद्याने रद्द झाली. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सेवाशुल्काची सक्ती मना केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो हुकूम कायम केला. तेव्हा सक्ती आता राहिलेली नाही. नको असल्यास कप्तानाला पाचारण करून, शेजारच्या टेबलांच्या समक्ष, ‘नको’ असे स्पष्ट उच्चारावयाचे एवढेच, आणि ते नुकतीच बढती मिळालेल्या गृहस्थाच्या तोंडून बाहेर पडणे अशक्य असते.

त्याखाली वस्तू व सेवा कर, १८ टक्के. कोपऱ्यावरच्या उडुप्याकडे ५ टक्के पडतो तो येथे १८ कसा, ही वहिनींची शंका, आणि तिचे निरसन अखेर आमच्या स्नेह्यांनाच करावे लागले, कारण सरकारी परिपत्रकाची भाषा मंडळींत तेवढी त्यांनाच अवगत : ज्या हॉटेलातील खोलीचे दिवसाचे भाडे गतवर्षी ७,५०० रुपयांच्या वर गेले असेल, त्या हॉटेलाच्या आवारातील अन्नावर चढा कर, मग खाणारा त्या खोलीत उतरलेला असो वा लोकलने आलेला असो, सुपातल्या शिळ्या पावाची आकारणी वरच्या मजल्यावरच्या गादीवरून होते.

वहिनींनी पर्स बंद केली आणि कप्तानाला विचारले, “खोलीचे पैसे घेतलेच आहेत, तर जाताना खोली दाखवणार ना?”