पेटी कोथरूडला, ठेका ठाण्याला

पेटीवाले आणि तबलजी यांच्यात लयीवरून वाजणं ही आपल्या संगीताची जुनी परंपरा. एक म्हणतो, “तू पळवतोस.” दुसरा म्हणतो, “तुम्हीच ओढता.” इंटरनेटवर मैफल जमवू पाहणाऱ्यांनी या परंपरेत मोलाची भर घातली आहे, ती अशी की इथे दोघंही एकाच वेळी खरे असतात. कोथरूडच्या पेटीवाल्यांना तबला उशिरा ऐकू येतो, म्हणून ते जरा थांबतात. ती थांबलेली पेटी ठाण्याच्या तबलजीकडे आणखी उशिरा पोचते, म्हणून तोही थांबतो. मध्य लयीत निघालेला तीनताल चार आवर्तनांत विलंबित होतो आणि पाचव्यात “काका, तुम्ही म्यूट आहात का?” या समेवर संपतो.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस चेफ यांनी या भांडणाचा रीतसर अभ्यास केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेल्या जोड्यांना त्यांनी हेडफोनवरून एकमेकांबरोबर टाळ्या वाजवायला लावल्या आणि मध्ये मोजून-मापून उशीर घातला. उशीर 10-12 मिलिसेकंदांपेक्षा कमी असला की लय चढत जाते आणि त्याच्या बराच वर गेला की पडत जाते, असं दिसलं. बैठकीत मीटरभर अंतरावरून तबला यायला जेमतेम तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे शेजारचा तबलजी पळवतो, या तक्रारीवर स्टॅनफर्डचा शिक्काच बसला. तबलजींना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

साधारण 25 ते 30 मिलिसेकंदांपर्यंत वादक निभावून नेतात. हवेत तेवढ्या वेळात आवाज नऊ-दहा मीटर जातो. तबलजीला गाणाऱ्यापासून उठवून थेट बाहेर चपलांपाशी बसवलं, तर जे होईल ते. त्याच्या पलीकडे कुणी जाऊ नये.

आता पेटीवाल्यांचा पहिला संशय अर्थातच अंतरावर. पण फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे 200 किलोमीटर जातो. कोथरूड-ठाणे अंतर त्याच्या खिजगणतीतही नाही. वाटेतली यंत्रं आणि वळसे धरूनही फार बिघडत नाही. दुसरा संशय कनेक्शनवर. म्हणून त्यांनी 100 एमबीपीएसचा प्लॅन सोडून 300चा घेतला. त्यानं सिनेमे झटपट उतरू लागले, ठेका होता तिथेच राहिला. कारण वेग म्हणजे एका वेळी किती माल जातो ते. पहिला ‘धा’ कधी पोचतो, हा निराळा प्रश्न.

खरा चोर घरातच होता, किंबहुना चोरांची टोळीच होती. मुलानं वाढदिवसाला दिलेले ब्लूटूथ हेडफोन आवाज कानात सोडायला 100-200 मिलिसेकंद सहज घेतात. मिनिटाला 300 मात्रांच्या द्रुतात ही अर्धी ते अख्खी मात्रा झाली. आवाज घेणारा संगणक त्याचे छोटे गठ्ठे बांधून पाठवतो. सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या हिशेबात 1024 नमुन्यांचा गठ्ठा भरायला 21 मिलिसेकंद, 128चा भरायला तीनही नाहीत. सेटिंगमधला हा आकडा बदलायला पैसे पडत नाहीत. फक्त फार खाली नेला की पेटी तडतडू लागते.

राउटर मायक्रोवेव्हला खेटून होता. 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय आणि मायक्रोवेव्ह एकाच पट्ट्यात वावरतात, त्यामुळे भाजी गरम होताना तिहाई हमखास फसायची. सोळा मीटरची लॅन केबल आणून ती हॉलच्या कडेनं पट्टीखाली दाबली. “घराचं ऑफिस केलंत,” असा शेरा काकूंकडून मिळाला, पण थेंबे थेंबे येणारा तबला सलग वाजू लागला.

तरी रात्री नऊनंतर गाडी अडायचीच. नातवाचा फोन त्या वेळी दिवसभराचे फोटो वर चढवत असे. रविवारी रात्री पुण्यातल्या हॉटेलाबाहेर कुणालाच ‘जागा नाही’ म्हणत नाहीत, वहीत नाव लिहून घेतात. राउटरही तसाच येईल त्याला रांगेत उभं करतो आणि मग ‘धिन’ फोटोंच्या मागे ताटकळतो. जिम गेटिस यांनी 2010च्या सुमारास या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. पुढे कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये ‘कोडेल’ ही रांग आखडती ठेवायची रीत मांडली. ती ज्या राउटरांत आहे, तिथे एक सेटिंग चालू करायचं. पेटीवाल्यांच्या राउटरात नव्हती, म्हणून नातवाच्या फोनचं वायफाय तालमीपुरतं बंद झालं. कोडेलपेक्षा हे अवघड गेलं.

शिवाय व्हिडिओ कॉल सोडावा लागला. बोलण्यासाठी केलेली ती अ‍ॅप्स एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून पुसतात, आणि तानपुरा तर दुसरं काही करतच नाही. त्याऐवजी जॅमुलस, सोनोबस, जॅकट्रिप हे खास एकत्र वाजवण्यासाठी केलेले प्रोग्रॅम आहेत. जॅकट्रिपच्या मुळाशी पुन्हा तेच चेफ आहेत.

आता कोथरूड-ठाणे बरं जुळतं. मग न्यू जर्सीच्या भाचीला गायला घ्यायची टूम निघाली. मुंबईहून तिथलं अंतर सरळ रेषेतच साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे एका बाजूनं किमान 62 मिलिसेकंद. याला केबल, कोडेल, काकू कुणाचाच इलाज नाही. तोडगा असा निघाला की पेटी-तबल्यानं भाचीकडे कान न देता आपलं वाजवत राहायचं आणि तिनं जे पोचेल त्यावर गायचं. तिच्या घरी मैफल चोख जुळते. इकडचे दोघं ती ऐकत नाहीत. त्यामुळे ती बेताल होते की नाही यावर दोघांचं प्रथमच एकमत आहे, की होत असणारच.