मुदत अमर रहे

नवी मुंबईच्या मेट्रोचे भूमिपूजन झाले मे 2011 मध्ये, आणि बेलापूर ते पेंधर या 11 किलोमीटरवर प्रवासी घेऊन गाडी धावली 17 नोव्हेंबर 2023 रोजी. एक तप आणि वर सहा महिने. एवढ्या तपात ऋषींना देव प्रसन्न होत असे; सिडकोला अकरा स्थानके प्रसन्न झाली. वर्षाला एक स्थानक म्हटले तर हिशेब जवळपास जुळतो, उगाच बोभाटा नको.

उशीर का झाला, असे विचारणाऱ्याने ठेक्याची फाइल कधी पाहिलेली नसते. मुदत हा या कराराचा आत्मा आहे, असे तिच्यात ठासून लिहिलेले असते. आपल्याला ती धमकी वाटते, ठेकेदाराला अध्यात्म. आत्मा मरत नाही. मार्च उलटला की जुनी तारीख टाकून डिसेंबर धारण करतो. हे आमचे कीर्तन नव्हे. नाशिकच्या कालव्यावरील एका कामावरून ‘हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र शासन’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. 1979 च्या निकालाचा मथितार्थ असा, की करारात मुदतवाढीचे आणि दंडाचे कलम असले, की मुदतच सर्वस्व हा दावा लटका पडतो. आता ही कलमे नसलेला ठेका शोधून दाखवा.

खांब उभा राहो न राहो, पत्र गेलेच पाहिजे. ठेकेदार लिहितो: जागा मोकळी मिळाली नाही, केबल हलवली नाही, ड्रॉइंग मंजूर नाही, बिल थकले आहे, सबब मुदतवाढ द्यावी, आमचे हक्क अबाधित ठेवून. सल्लागार उलट टपाली: मजूर अपुरे, मशिनरी बंद, सबब म्हणणे अमान्य, आमचेही हक्क अबाधित ठेवून. साइटवर क्रेन एकच असेल, पण ऑफिसात क्लेमचा मसुदा करणारा बसलेलाच हवा, कारण उद्या लवादापुढे गठ्ठेच बोलणार. दंडाचे तर विचारूच नका. तो आठवड्याच्या हिशेबाने चढतो, पण त्याला कमाल मर्यादा असते, बहुधा ठेक्याच्या रकमेच्या दहा टक्के. ती गाठली, की पुढचा उशीर फुकट.

नवी मुंबईत मध्येच ठेकेदारही बदलावे लागले. म्हणजे आधीच्याने किती केले याचे मोजमाप, त्यावर वाद, उरलेल्या कामाची नवी निविदा, नवा दर. पुढे महामेट्रोला मदतीला बोलावले. रूळ आले, डबे आले, सुरक्षेचे प्रमाणपत्रही आले. आणि मग खरे अवघड काम उरले: उद्घाटनाची तारीख. या विलंबाला मात्र कुठल्याच करारात कलम नाही, त्यामुळे दंडही नाही. शेवटी समारंभाविनाच सुरू करा, असे मुख्यमंत्र्यांनी सांगितले तेव्हा दारे उघडली.

राहिला तळोज्याचा फ्लॅटवाला. ‘मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटे’ ही जाहिरात वाचून त्याने कर्ज काढले होते. त्यानेही आता लिहायला शिकावे: ‘मेट्रो वेळेत उपलब्ध न झाल्याने रिक्षाखर्च वाढला; सबब हप्त्यास विनादंड मुदतवाढ मिळावी, आमचे हक्क अबाधित ठेवून.’ बँक मोठी शिस्तीची. पत्राची पोच देईल, आणि पाच तारखेला हप्ता कापून घेईल.