हळद लागलेला उंदीर

सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या मेहुण्यांचं अडत दुकान. तिथला माऊस महिनाभर उड्या मारत होता. हळदीच्या बिलावर ठेवलेला बाण थेट बेदाण्याच्या खात्यात जाऊन बसे. निदानं बरीच झाली: व्हायरस, विंडोज, व्होल्टेज. एकानं तर नवा कॉम्प्युटरच सुचवला. (सुचवणारा कॉम्प्युटर विकतो, हा निव्वळ योगायोग.)

मी साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन गेलो आणि माऊस उलटा केला. पोटाच्या भोकात पिवळाधमक थर! माऊस म्हणजे खरं तर छोटा कॅमेरा. दिव्याच्या उजेडात टेबलाचे सेकंदाला हजारभर तरी फोटो काढायचे, एकावर एक ताडून हात किती सरकला ते ठरवायचं. डोळ्यातच हळद गेल्यावर तो काय ताडणार? वायर काढली, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन भिंगावरून हलकेच फिरवले, वाळू दिलं. बाण सरळ.

खर्च जवळपास शून्य, म्हणून कुणाचा विश्वास बसेना. मेहुणे मात्र फुगले. "पाव्हणं, सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मिळालंय, उगं न्हाई!"

मग त्याच माऊसनं त्यांनी नव्या कॉम्प्युटरचे पैसे पाठवले. बयाणा कालच दिला होता.