सत्कारमूर्ती क्रमांक सतरा

‘अहो, कशाला, कशाला’ हे दोनदाच म्हणायचं असतं. एकदाच म्हटलं तर माणूस टपूनच बसला होता हे उघड होतं, आणि तिसऱ्यांदा म्हटलं की संयोजक ते खरं धरून यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतात. दोनदा, त्यातलं दुसरं जरा पडेल आवाजात, आणि लगोलग ‘बरं, आता तुम्ही म्हणताच आहात तर’. हे मी मोठमोठ्यांचं बघून शिकलो होतो आणि रोज दाढी करताना घोटून ठेवलं होतं. प्रत्यक्षात मंडळाची पोरं आली आणि त्यांनी आग्रहच केला नाही. ‘सर, एक मेला तुमचा सत्कार टाकलाय. फोटो व्हॉट्सॲप करा, फ्लेक्सला द्यायचाय,’ एवढं सांगून चहासुद्धा न घेता उठली. त्यांना अजून डझनभर घरं घ्यायची होती. माझे दोन्ही ‘कशाला’ घशातच राहिले.

कार्यक्रमाचं नाव ‘सामाजिक व धार्मिक क्षेत्रातील मान्यवरांचा भव्य नागरी गौरव’. असा गौरव आमच्याकडे दर वर्षी होतो आणि तो कुणाचा करायचा हे ठरवणं अगदी सोपं असतं: जो राहिला तर रुसेल, त्याचा. नगरपरिषदेवर मध्यंतरी बरीच वर्षं प्रशासक बसला होता, त्यामुळे गावात आजी नगरसेवक असा कुणी उरलाच नव्हता. निम्मे माजी, निम्मे भावी. माजींचा सत्कार केलेल्या कामाबद्दल, भावींचा न केलेल्या कामाबद्दल. धार्मिक बाजूला कीर्तनकार महाराज, मठाचे स्वामी, मशिदीचे मौलाना, चर्चचे फादर आणि विहारातले भन्ते. फोटोग्राफरनं कुठूनही टिपलं तरी सर्वधर्मसमभाव पूर्ण यावा अशी बैठक.

यात मी कुठल्या खात्यात? पोरांनी ‘ज्येष्ठ नागरिक व साहित्यिक’ असं लिहिलं. ज्येष्ठ नागरिक आधी, कारण त्याला आधार कार्डाचा पुरावा आहे. साहित्यिकाला पुरावा म्हणजे एक कथासंग्रह, तोही पदरमोड करून काढलेला, ज्याच्या प्रतींवर आमचा दिवाण टेकलेला आहे. फ्लेक्सवर देशाचे नेते सगळ्यांत वर, राज्याचे त्यांच्याखाली, मग कमरेपर्यंतचे आमदार, आणि आम्ही सत्कारमूर्ती तळाशी, पोस्टाच्या तिकिटाएवढे. मी सतरावा. माझ्या शेजारी फ्लेक्स छापणाऱ्याचा मोबाइल नंबर होता. तरीही संध्याकाळी फिरायला जाताना मी वाट वाकडी करून तो फ्लेक्स बघून यायचो. एकदा तर त्याच्याखाली जरा वेळ उभा राहिलो, कुणी ओळखतंय का बघायला. एका बाईंनी थांबून विचारलं, ‘रिक्षा इथंच लागते का हो?’

आता शालीबद्दल. विषय सत्काराचा असला तरी मला खरं बोलायचंय ते शालीबद्दल, आणि संपादकांनी इथे कात्री लावू नये. दुकानात शाल मागितली की दुकानदाराचा पहिला प्रश्न, ‘पांघरायची का सत्काराची?’ पांघरायची शाल आपण उलगडून, हात फिरवून, चार दुकानं हिंडून घेतो. सत्काराची डझनावर घेतात, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढता. मरून रंग, सोनेरी काठ, स्वतःला काश्मिरी म्हणवणारी कोयरी, आणि आरपार समोरचा माणूस दिसेल इतकी विरळ वीण. तिनं आजवर कुणाचीही थंडी घालवलेली नाही. एक मेला सावलीतसुद्धा अंग भाजत असतं, तेव्हा मंचावर धडधाकट माणसांना एकामागून एक गुंडाळण्याचं काम चाललेलं असतं. बरं, ती टेरिकॉटच्या शर्टावर ठरत नाही. म्हणून पाहुणे तिची दोन्ही टोकं धरून ठेवतात, सत्कारमूर्तीही धरते, फोटोग्राफर ‘साहेब, इकडे, अजून एक’ म्हणत राहतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एका शालीवरून चाललेली दोन प्रतिष्ठित नागरिकांची झटापट छापून येते.

खरी परीक्षा मात्र शाल उतरवण्यात आहे. लगेच काढली तर उर्मट. शेवटपर्यंत ठेवली तर घामाघूम, शिवाय हा याचा पहिलाच सत्कार असणार हे सगळ्यांना कळतं. मुरलेला नेता खुर्चीकडे वळता वळता ती उतरवतो, चार घड्या घालतो आणि मागे न बघताच हात मागे करतो. तिथे कार्यकर्त्याचा हात असतोच. माझ्यामागे हात नव्हता, कापडी पडदा होता. मी मांडीवर शाल ठेवली, शालीवर नारळ, नारळाला टेकवून ट्रॉफी, वर पुष्पगुच्छ, आणि पुढचा कार्यक्रम फक्त ऐकला.

घरी आली म्हणजे शाल थांबली असंही नाही. ती फिरते. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांना आम्ही दिलेली शाल त्यांच्याकडून पतपेढीच्या अध्यक्षांकडे, तिथून कुठल्याशा भजन स्पर्धेच्या परीक्षकांकडे अशी मुशाफिरी करत या एक मेला माझ्याच खांद्यावर आली. हिनं घडी मोडताच ओळखली. ‘हा हळदीचा डाग आपल्या स्वयंपाकघरातला आहे,’ ती म्हणाली. माझ्या सार्वजनिक जीवनाची तेवढीच काय ती घरात दखल. शिक्षकदिनांच्या जुन्या शालींपैकी एक इस्त्रीखाली असते, एक मिक्सरवर आणि एकीत पापड वाळतात. ही नवी अजून कपाटात आहे. तिचं काय करायचं यावर चर्चा चालू आहे.

शालीला चांगले दिवसही होते. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुल्यांना शालजोडी देण्यात आली, शाळांच्या कामाबद्दल. तेव्हा ते पंचविशीत होते. त्या वयात मी शाळेच्या गॅदरिंगच्या पत्रिकेत स्वतःचं नाव ठळक टाइपात यावं म्हणून छापखान्यात खेटे घालत होतो. पण मला आवडते ती जोतीरावांची पुढची गोष्ट. ते पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना, १८८० साली, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला. जोतीराव म्हणाले, हे पैसे शिक्षणाला लावा. मतं मोजली तेव्हा विरोधात ते एकटेच. ही हकिकत मी एका भावी नगरसेवकाला मोठ्या उत्साहानं सांगितली. त्यानं गंभीरपणे विचारलं, ‘सर, मग पुढच्या वेळी त्यांना तिकीट मिळालं का?’

पुढे ११ मे १८८८ ला मुंबईत, मांडवीच्या कोळीवाड्यात, लोकांनी याच माणसाला ‘महात्मा’ म्हटलं. त्यासाठी त्यांना बायोडेटा आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो द्यावे लागले नव्हते.

हल्ली लागतात. सरकारी पुरस्कार हवा तर आपण किती निरपेक्ष सेवा केली याचा प्रस्ताव आपणच करायचा, सोबत पेपरातली कात्रणं जोडायची, आणि कात्रणं हवीत तर आधी बातमीदाराला सांभाळायचं, म्हणजे निरपेक्ष सेवेला सवड उरते कुठे? खासगी पुरस्कारांत निदान आडपडदा नसतो. मला एकदा फोन आला होता, ‘अभिनंदन! राज्यस्तरीय समाजरत्नसाठी आपली निवड झालीय. नोंदणी शुल्क तेवढं भरा.’ मी विचारलं, कुठल्या कार्याबद्दल? पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘ते तुम्ही कळवा ना सर.’ करोनाच्या दिवसांत तर मला ‘कोविड योद्धा’ असं रंगीत प्रमाणपत्र आलं, थेट मोबाइलवर. त्या सबंध काळात मी दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. कदाचित त्याबद्दलच असेल. मी त्याची प्रिंट काढून लॅमिनेट करून घेतली. ती बैठकीच्या खोलीत आहे, पाहुण्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर.

साहित्यिक म्हणून सगळ्यांचे परिचय लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात आलं. बाकीच्यांनी आपापले बायोडेटा धाडले, काहींनी तर ‘अजातशत्रू’ वगैरे विशेषणं घालून तयार मजकूरच. फक्त क्रमांक सोळाचा आला नाही. ते विठ्ठलाच्या देवळातले भजनी बुवा. दिवसा लाकडाच्या वखारीत काम, संध्याकाळी हरिपाठ. म्हणून मीच गेलो.

बुवांनी सांगितलं ते एवढंच: ‘लिहा मास्तर, टाळ वाजवतो.’ बाकीचं गावाला माहीत होतं. ज्या दिवसांत मी योद्धा होऊन घरात बसलो होतो, त्या दिवसांत नातेवाईक स्मशानाच्या फाटकाबाहेर थांबायचे आणि आत जायचे हे बुवा. त्यांच्या जोडीला मशिदीत अजान देणारे चाचा. चाचांनी सरणं रचली, बुवांनी कबरी खणायला हात लावला. कुणी कुणाला विचारलं नाही.

‘चाचांना बोलावलंय ना?’ बुवांनी विचारलं.

म्हटलं, मौलाना आहेत यादीत.

बुवा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मुख्याधिकारी येणार आहेत का पण? मग येतो मी. स्मशानातला नळ बंद आहे, त्यांच्या कानावर घालायचंय. प्रेताला घालायला पाणी नाही, माणसांना हातपाय धुवायला नाही. लोक घरनं कळशी आणतात. अर्ज दिलेत, पण स्टेजवर सांगितलं की लोकांसमोर राहतं.’

सत्कार घ्यायला असं कारण घेऊन येणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. त्या रात्री मी त्यांचा परिचय तीनदा खोडून लिहिला. माझ्या कथासंग्रहावर मी एवढी मेहनत घेतली नव्हती, हे तो वाचलेले दोघं-तिघं सांगतीलच.

एक मेला सूत्रसंचालकानं तो परिचय वाचलाच नाही. माजी आणि भावींच्या मनोगतांत वेळ संपला होता. ‘क्रमांक सोळा, आपले लाडके भजनसम्राट’ एवढीच घोषणा झाली. शाल पडली, फोटो झाला, आणि बुवांनी माइक धरला. ‘साहेब, ते स्मशानातला नळ...’ एवढंच आलं, कारण ध्वनिक्षेपकवाल्यानं सवयीनं तुतारी वाजवली आणि सूत्रसंचालकानं हसत माइक काढून घेतला, ‘बुवांचं भजन आपण नंतर ऐकणारच आहोत!’ टाळ्या झाल्या. मुख्याधिकाऱ्यांची खुर्ची तशीही रिकामी होती. ते पुढच्या गौरव सोहळ्याला गेले होते. त्यानंतर क्रमांक सतरा. मला बोलायची संधी मिळाली नाही. संताप आला, आणि तो निम्मा बुवांसाठी होता, निम्मा खिशातल्या माझ्या भाषणासाठी, हे इथे मान्य करायला हरकत नाही.

एक विचार मात्र मांडीवरच्या त्या मनोऱ्यामागे बसून पुनःपुन्हा येत होता. गाडगेबाबा गावात आले की दिवसा झाडू, आणि कीर्तन रात्री. अंगावर चिंध्यांचा अंगरखा. त्यावर मरून शाल टाकायला गेलं असतं कोण? २००० सालापासून त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं, त्यात बक्षीस गावाला मिळतं, एकट्यादुकट्याला नाही. ही मला भलतीच शहाणी सोय वाटते. आणि वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हिरव्या पट्ट्यासाठी, तिथल्या पाण्यासाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरले, ते पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. धर्माच्या माणसानं पाण्याबद्दल बोलू नये, असं त्यांना कधी वाटलं नाही. आमच्या बुवांनाही वाटत नाही. फक्त त्यांच्या वेळी तुतारी वाजते.

नळ अजून बंद आहे. हे वाचणाऱ्यांत आमच्याकडचे कुणी आजी, माजी किंवा भावी असतील तर त्यांना हात जोडून विनंती: आधी तो नळ सुरू करा. सत्काराचं मी बघतो. तो बुवा आणि चाचा या दोघांच्या हस्ते होईल, आणि दोघांना हवं तेवढं बोलू दिलं जाईल. माझं भाषण तयारच आहे. शालही घरात आहे. फक्त हळदीची बाजू आत ठेवून पांघरावी लागेल.